दोन पावसाळे उभी राहिलेली जीप



या सदराकडे पत्रे येतात ती बहुधा मुलांची शिष्यवृत्ती, रेशनकार्ड, मुलीचे लग्न, सासू-सुनेचे न पटणे अशा विषयांची. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ताईंचे पत्र मात्र निराळे आले. त्यांचे पती डिझेलची जुनी जीप चालवीत. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी, त्यामुळे ऐन पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलातून वस्तीवरचा आजारी माणूस किंवा अडलेली बाळंतीण तालुक्याच्या दवाखान्यात पोचायची ती याच गाडीने. दीक्षाभूमीला जायचे तरी वस्तीची म्हातारी माणसे याच जीपमध्ये बसत. दोन वर्षांपूर्वी पतीचे निधन झाले. तेव्हापासून जीप गोठ्याशेजारच्या टिनाच्या शेडमध्ये उभी. आता मुलगा आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा कोर्स करून घरी आला आहे आणि ही गाडी चालवून घर सांभाळीन म्हणतो. पण गाडी चालू होत नाही. जवळच्या गॅरेजवाल्याने वरवर पाहून सांगितले, डिझेल पंप गेला, चाळीस हजार लागतील. भंगारवाला तीस हजार द्यायला दारात उभा आहे. आणि नात्यातली काही मंडळी म्हणतात, धन्याबरोबर गाडीचाही जीव गेला, लिंबू उतरवा, नारळ फोडा. ताई विचारतात, विकू की ठेवू?

आमचे उत्तर असे की, ताई, आजच्या आज दोन्ही करू नका.

लिंबाचा प्रश्न आधी निकालात काढतो. १९५६ साली नागपुरात आपण जे सोडून आलो, ते बोनेटवर बांधून परत घरात आणायचे काय? लोखंडाला कुणाची दृष्ट लागत नाही. त्याला गंज लागतो, आणि गंज पॉलिश पेपरने निघतो. पण आमचे म्हणणे एवढ्यावर थांबत नाही. तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले ते आठवावे. केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून एखादी गोष्ट मानू नका, स्वतः पारखून घ्या. हा उपदेश उतारा काढायला सांगणाऱ्या मावशींना जसा लागू, तसाच 'पंप गेला' म्हणणाऱ्या गॅरेजवाल्यालाही लागू. पंप गेला हे त्याने कशावरून ठरविले? डिझेल पंपापर्यंत येते की नाही, हे तरी पाहिले होते काय?

पत्र आम्ही एस.टी.च्या आगारातून निवृत्त झालेल्या, डिझेल इंजिनात हयात घालविलेल्या आमच्या एका समाजबांधवांना दाखविले. त्यांनी ताईंच्या मुलाशी फोनवर बोलून कोणत्या क्रमाने काय पाहायचे ते सांगितले, आणि एका रविवारी स्वतःही जाऊन आले. त्यातून जे कळले ते इथे देत आहोत, कारण अशी उभी राहिलेली जीप, ट्रॅक्टर, मालवाहू टेम्पो आमच्या कितीतरी वाचकांच्या दारात असेल.

पहिली गोष्ट, किल्ली लावू नका. आधी बोनेट उघडा, आणि तेही काठीने. टिनाच्या शेडमध्ये दोन वर्षे उभ्या असलेल्या गाडीत उंदीर, विंचू, गांधीलमाश्या, क्वचित साप, सगळे भाडेकरू असतात. उंदीर वायरी कुरतडतो. कुरतडलेल्या वायरीत बॅटरी जोडली तर गाडी चालू व्हायच्या आधी जळायची. एअर फिल्टरचे झाकण काढून पाहा. जुन्या जीपमध्ये तळाला तेल असलेला फिल्टर असतो. त्या तेलात पाणी, पाला, मेलेली पाल, काहीही निघते. सायलेन्सरच्या तोंडात काडी घालून पाहा. कुंभारमाशीने मातीचे घर केले असेल तर धूर बाहेर जायला वाट नाही, आणि ज्या इंजिनाला श्वास सोडता येत नाही त्याला घेताही येत नाही.

चाकांखाली पुढून-मागून दगड लावा. दोन वर्षांच्या हँडब्रेकवर विश्वास नको. गिअर न्यूट्रलमध्ये आहे ना, हे हाताने हलवून पाहा.

मग बॅटरी. शिशाची बॅटरी नुसती ठेवली तरी आपोआप उतरते, आणि उतरलेल्या स्थितीत महिनोन्‌महिने राहिली की तिच्या पट्ट्यांवर कठीण थर बसतो. तो थर नुसत्या चार्जिंगने सहसा जात नाही. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. १२ च्या खाली असेल तर ती रिकामीच समजा. मल्टिमीटर दोन-चारशे रुपयांत मिळतो आणि आयटीआयच्या पोराकडे तो असायलाच हवा. चार्जिंग सावकाश करावे, बॅटरीच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याने. म्हणजे ८० अँपिअर-तासाची बॅटरी असेल तर ८ अँपिअरने, दहा-बारा तास. त्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जवळ विडी-काडी नको, आणि खोली उघडी हवी. पाणी घालायचे ते डिस्टिल्ड, विहिरीचे किंवा नळाचे नव्हे. टर्मिनलवर पांढरा-हिरवा फुलोरा आला असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून ते ओता, पण बॅटरीची झाकणे घट्ट लावून, सोड्याचा थेंबही आत जाता कामा नये. वायर काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी.

शेजाऱ्याच्या ट्रकची बॅटरी जोडून सेल्फ मारण्याची हौस पुष्कळांना असते. आधी तो ट्रक १२ व्होल्टचा आहे की २४ चा हे पाहा. २४ व्होल्ट जीपला दिले तर बल्ब, सेल्फ, मीटर, सगळ्यांचा एकदम निकाल.

हेडलाईट लख्ख लागतो, पण सेल्फ मारल्यावर नुसते 'टिक' होते, असेही घडते. तेव्हा लोक सेल्फ खोलायला धावतात. त्याआधी इंजिनापासून चेसिसला येणारी अर्थिंगची पट्टी पाहा. दोन्ही टोकांचा गंज घासून, बोल्ट आवळून पुन्हा सेल्फ मारा. जुन्या जीपमध्ये हा दोष फार आढळतो आणि तो दुरुस्त करायला पैसा लागत नाही, पाना लागतो.

सेल्फ मारण्याआधी आणखी एक काम आहे, ते चुकवू नये. इंजिनाचे तेल काडीवर पाहा. पातळी पूर्वीपेक्षा वाढलेली आणि तेल दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे. ते तेल बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका. नंतर क्रँकच्या पुलीच्या नटावर पाना लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा. सहज फिरले तर उत्तम. अडले तर जोर करू नका, सेल्फ तर मुळीच मारू नका. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी साठले असताना सेल्फचा जोर लावला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग खरोखरच चाळीस हजारांचे काम निघते. अशा वेळी नोझल किंवा हीटर प्लग काढून पाणी बाहेर येऊ द्यावे, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडून रात्रभर ठेवावे आणि मग हलक्या हाताने फिरवावे.

ताईंची जीप हाताने फिरली. चार्ज केलेल्या बॅटरीवर सेल्फही जोरात फिरला. पण इंजिन चालू झाले नाही. इथेच गॅरेजवाल्याने पंपाचे नाव घेतले होते.

आमच्या निवृत्त बांधवांनी इथे मुलाला विचारले, सेल्फ मारताना सायलेन्सरमधून काय येते? मुलगा म्हणाला, काहीच नाही. जुन्या डिझेल इंजिनात अर्धे निदान या एका प्रश्नात होते. सेल्फ फिरतो आहे आणि पांढरा धूर येतो आहे, तर डिझेल आत पोचते आहे पण पेटत नाही. मग हीटर प्लग, सेल्फचा वेग, कॉम्प्रेशन यांकडे पाहावे. धूर अजिबात नाही, तर डिझेलच पोचत नाही. आणि डिझेल न पोचण्याची कारणे टाकीपासून मोजत यायची असतात. पंप त्या रांगेत शेवटच्या टोकाला आहे.

पण टाकीकडे जाण्याआधी त्यांनी डॅशबोर्डवरची गाडी बंद करायची खुंटी पाहायला सांगितले. जुन्या जीप किल्लीने बंद होत नाहीत. खुंटी ओढली की तिची तार पंपावरचा एक छोटा लिव्हर खेचते आणि डिझेल बंद होते. दोन पावसाळ्यांत ती तार नळीत गंजून अर्ध्यावर अडकली होती. खुंटी आत गेलेली दिसे, पण पंपावरचा लिव्हर बंदच्याच बाजूला. म्हणजे दोन वर्षे गाडीला 'थांब' असाच हुकूम दिलेला होता, आणि ती बिचारी आज्ञा पाळीत होती! तार सोडवून, तेल घालून मोकळी केली. ज्या गाड्या किल्लीने बंद होतात त्यांच्यात या कामाला सोलेनॉइड असते. किल्ली 'ऑन' केल्यावर पंपापाशी 'टक्' असा बारीक आवाज आला पाहिजे.

एवढ्याने गाडी चालू झाली असती तर आमचा लेखही इथेच संपला असता. टाकीच्या तळाचा बूच काढून डिझेल बादलीत घेतले आणि पारदर्शक बाटलीत भरून तासभर ठेवले. तळाला चार बोटे पाणी, वर तपकिरी गाळ. अर्धवट भरलेल्या टाकीत दिवसाच्या उष्णतेने आणि रात्रीच्या गारव्याने हवेतली वाफ पत्र्यावर थिजते आणि थेंब थेंब खाली जमते. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढतात आणि शेवाळासारखा चिकट पदार्थ तयार होतो. तोच फिल्टरमध्ये जाऊन बसतो. टाकी धुऊन घेतली, फिल्टर नवा घातला.

तिसरा दोष डोळ्यांना दिसणारा नव्हता. टाकीकडून येणारी रबरी नळी कडक होऊन जोडाजवळ तडकली होती. या नळीतून डिझेल ओढले जाते, त्यामुळे तड पडली तरी डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत शिरते. खाली डाग नाही म्हणून माणूस नळी चांगली समजतो. वीतभर नवी नळी आणि दोन क्लिप.

मग एअर काढणे. हे काम घरातली कोणीही दोन माणसे करू शकतात, आणि ताईंच्या घरी मुलाबरोबर त्याची धाकटी बहीण होती. फिल्टरवरचा एअरचा स्क्रू थोडा सैल करायचा आणि फीड पंपावरचा हातपंप दाबत राहायचे. आधी नुसता फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड डिझेल. तेव्हा स्क्रू आवळायचा. हेच पंपावरच्या स्क्रूला. त्यानंतर नोझलकडे जाणाऱ्या चारही नळ्यांचे नट एक-दोन आटे सैल करून सेल्फ मारायचा. नटापाशी डिझेल पाझरले की आवळायचे. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये मिनिट-दोन मिनिटे विश्रांती हवी, नाहीतर सेल्फ तापून जळतो. आणि हात नळीसमोर धरू नका. नोझलमधून निघणारी धार इतक्या दाबाची असते की डिझेल कातडीतून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसते, पण बोट गमवायची पाळी येते. तसे झाले तर हळद न लावता ताबडतोब दवाखाना गाठावा. नव्या कॉमन रेल गाड्यांत दाब याहून कितीतरी जास्त असतो, तिथे नळ्यांचे नट सैल करण्याचा हा प्रकार कधीही करू नये.

यानंतर सायलेन्सरमधून पांढरा धूर आला. म्हणजे डिझेल पोचले. हीटर प्लग एकेक सुटे करून, बल्बच्या एका वायरीने बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरीने प्लगच्या टोकाला जोडून पाहिले. बल्ब लागला तर प्लग चांगला. चारांपैकी एक जळालेला होता. तो बदलला, हीटरला थोडा वेळ दिला, आणि तिसऱ्या सेल्फला इंजिन धरले. पंपाला कोणी पानासुद्धा लावला नव्हता. बॅटरी नवी घ्यावी लागली, तो खर्च वेगळा. बाकी सगळे मिळून दोन हजारांच्या आत भागले.

इथे एका गोष्टीबद्दल कडक शब्दांत सांगायला हवे. खेड्यांत डिझेल इंजिन धरत नसले की एअर फिल्टरच्या तोंडाशी पेटती चिंधी धरतात, नाहीतर पेट्रोल शिंपडतात. हीटर प्लग असलेल्या इंजिनात स्प्रे किंवा पेट्रोल मारणे म्हणजे बंद डब्यात स्फोट करणे. शेडमध्ये कडबा असतो, शेजारी गोठा असतो. आणि इंजिन चालू होताच गाडी मोकळ्या अंगणात आणावी किंवा शेडच्या चारही बाजू उघड्या ठेवाव्या. इंजिनाच्या धुरातला विषारी वायू नाकाला कळत नाही, माणूस झोपेतच जातो.

इंजिनाचा आवाज ऐकून घरात रडू आले म्हणतात, आणि ते साहजिक आहे. वस्तीतली पोरे लगेच मागे चढून बसली. आमच्या बांधवांनी सगळ्यांना खाली उतरविले, ते बरे झाले. अंगणातच पहिल्या गिअरमध्ये दहा हात गाडी पुढे घेऊन ब्रेक दाबला, तर पायडल तळाला टेकले. ब्रेकचे तेल हवेतले पाणी शोषून घेते, त्या पाण्याने चाकातले सिलिंडर गंजतात, रबरे फुगतात. दगड पुढे लावलेला होता म्हणून गाडी थांबली. ही गाडी भरून रस्त्याला लागली असती तर काय झाले असते हे लिहायला नको. न चालणाऱ्या गाडीने कुणाचा जीव जात नाही, न थांबणारीने जातो. ब्रेकचे काम मात्र खर्चाचे निघाले, चारही चाकांचे सिलिंडर, रबरे आणि तेल. ते करूनच गाडी बाहेर काढली. टायरची नक्षी चांगली होती, पण बाजूंना बारीक भेगा होत्या. त्यांतले दोन बदलावे लागतील.

क्लचची प्लेट गंजून चिकटली असेल तर इंजिन बंद असताना गिअर पडतो, चालू असताना करकरतो. तेव्हा ठोकाठोक न करता जाणत्याला बोलवावे. चारचाकी ताकदीचा लिव्हर डांबरी रस्त्यावर टाकून पाहू नये. शेतात, भुसभुशीत मातीत पाहावा, आणि त्याआधी ट्रान्सफर केसचे आणि दोन्ही हौदांचे तेल बदलून घ्यावे. दोन पावसाळ्यांत तिथेही पाणी गेलेले असते.

आता कागद. हे आमच्या समाजात फार दुर्लक्षित राहते, म्हणून सांगतो. गाडी ज्यांच्या नावावर आहे ते वारले तर वारसाने तीस दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी आपल्या नावावर करायची असते. मुदत गेली असली तरी काम थांबवू नये, विलंबाचे शुल्क भरून ते करून घ्यावे. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. नंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. तृतीय पक्षाचा विमा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विमा नसल्यास पहिल्या गुन्ह्याला दोन हजार दंड किंवा तीन महिने कैद किंवा दोन्ही. दंडाचे सोडा, पण विम्याशिवाय अपघात झाला तर भरपाईपायी घर आणि शेत दोन्ही जाते. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावून घ्यावी. आणि भाड्याने माणसे न्यायची असतील तर पांढऱ्या पाटीवर ते चालत नाही. परवाना आणि पिवळी पाटी हवी. मुलाने हे आधी विचारून घ्यावे, नाहीतर कमाईपेक्षा दंड जास्त होईल.

ज्यांना गाडी विकायचीच आहे त्यांनीही ती नुसती भंगारवाल्याच्या हवाली करू नये. नोंदणी रद्द केल्याशिवाय गाडी गेली तर तिचा नंबर तुमच्याच नावावर राहतो, आणि त्या नंबरची पाटी उद्या कोणत्या गाडीवर लागेल सांगता येत नाही. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात दिली तर जमा केल्याचे प्रमाणपत्र मिळते.

ताईंच्या मुलाबद्दल एक सांगतो. आयटीआयचे प्रमाणपत्र हाती असूनही तो गॅरेजवाल्यासमोर गप्प उभा होता, कारण तो 'मोठा मिस्त्री'. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रममंत्री होते, तेव्हा कारागिरांच्या तांत्रिक प्रशिक्षणाचे काम त्यांच्याच खात्याकडे होते. आपल्या पोरांनी शिकलेले हात दाखवायला लाजायचे कशाला? आणि पोरींनीही. त्या दिवशी हातपंप मारून एअर काढली ती नववीतल्या बहिणीने.

भिक्खू आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात एका जागी राहतात, पण त्यांचे अध्ययन-अध्यापन चालू असते. गाडीला मात्र नुसते बसविले तर ती बिघडते. पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर डिझेलची टाकी काठोकाठ भरावी, म्हणजे वाफेला जागा राहत नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवावी आणि महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करावी. हँडब्रेक ओढून ठेवू नये, ब्रेकचे लायनर चिकटतात. त्याऐवजी दगड लावावे. खाली विटा किंवा लाकडी ठोकळे देऊन टायरवरचे वजन कमी करावे. पंधरवड्यातून एकदा इंजिन चांगले तापेपर्यंत चालवावे, दोन मिनिटे चालवून बंद करण्यात काही अर्थ नाही, उलट त्याने ओल वाढते. क्लच दाबून सोडावा, ब्रेक मारून पाहावा, दोन हात पुढे-मागे घ्यावी.

कुणाकडे पेट्रोलची जुनी जीप असेल तर टाकी भरून ठेवण्याचा नियम तिथे लावू नये. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते पाणी ओढते आणि जुन्या रबराला सोसत नाही. टाकी रिकामी करावी, कार्ब्युरेटरमधले पेट्रोल इंजिन चालवून संपवावे. आणि अशी जीप हँडल मारून चालू करताना अंगठा बाकीच्या चार बोटांच्याच बाजूला ठेवावा. हँडल उलटे फिरले तर ते हातातून निसटेल, अंगठा मोडणार नाही.